पहारा कोणाच्या हुकमतीत?

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ‘सार्जंट ॲट आर्म्स’ हे पद दीर्घकाळ निवृत्त सेनाधिकाऱ्यांकडे असे. रणांगणावरून आलेल्या या माणसाला एक सवय मात्र मोडावी लागे: येथे समोरचा सदस्य शत्रू नसतो आणि हुकूम केवळ अध्यक्षांचा असतो.

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या केंद्रीय विधिसभेत बॉम्ब पडले. सरकारला पोलिसी पहारा हवा होता; अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी मात्र आपल्या अखत्यारीतील स्वतंत्र ‘वॉच अँड वॉर्ड’चा आग्रह धरला. हा आग्रह मला प्रशासकीय दूरदृष्टीचा वाटतो.

चेन्नईची विधानसभा भरते ती सेंट जॉर्ज किल्ल्यात. तेथे २८ जानेवारी १९८८ रोजी, जानकी रामचंद्रन यांच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी, पोलीस सभागृहात शिरले व लाठ्या चालल्या. दोनच दिवसांत राष्ट्रपती राजवट आली. तो प्रसंग समजण्यास सोपा आहे. १८ फेब्रुवारी २०१७ चा अधिक अवघड. पलानीस्वामी यांच्या ठरावावेळी अध्यक्ष धनपाल यांच्याच आदेशाने मार्शलांनी द्रमुकच्या सदस्यांना बाहेर काढले. स्टॅलिन फाटक्या सदऱ्यानिशी बाहेर आले. हुकूम विठ्ठलभाईंच्या कल्पनेप्रमाणे अध्यक्षांचाच होता. ठराव १२२ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, तेव्हा द्रमुकची बाके रिकामी होती.