ॲक्शन फिगर रूपांतरण

ॲक्शन फिगर रूपांतरण किंवा कस्टमायझिंग हा बाजारात तयार मिळणारी, हलत्या सांध्यांची खेळण्यातील आकृती सुटी करून, कापून, नवे भाग जोडून आणि पुन्हा रंगवून तिच्यापासून वेगळे पात्र घडवण्याचा छंद आहे. ज्या पात्राची आकृती कोणत्याही कंपनीने काढलेली नाही, किंवा काढली पण मनासारखी उतरलेली नाही, असे पात्र त्यासाठी सहसा निवडले जाते. १९८० च्या दशकातील व्हिडिओ गेमचे नायक हा या छंदातील आवडता आणि अवघड विषय आहे. त्या नायकांना पडद्यावर चेहरा असा जवळजवळ नव्हताच. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी नायक नेमका दिसतो कसा, हे रूपांतरकारालाच ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

‘ॲक्शन फिगर’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ या सुमारे १२ इंची सैनिकासाठी रूढ केला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत, या अंदाजाने ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळण्यात आला होता. १९८२ मध्ये हीच मालिका ३.७५ इंच उंचीत नव्याने आली. तिच्या आकृतीचे धड पुढचा आणि मागचा अशा दोन अर्ध्या भागांचे असून ते पाठीतील एकाच स्क्रूने जोडलेले असते. पायांना जोडणारा धातूचा आकडा एका रबरी कडीने धडाशी ताणून धरलेला असतो. स्क्रू काढला की डोके, हात, कंबर आणि पाय हे सारे भाग सुटे होतात आणि एका आकृतीचे हात दुसरीच्या धडाला बसवता येतात. ही सोय कारखान्याने स्वतःच्या जुळवणीसाठी केलेली असली, तरी रूपांतराच्या छंदाला तिचा मोठाच उपयोग झाला.

मूळ रूपाचा प्रश्न

जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम या नावाने आलेल्या निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर हलत्या चित्राच्या एका तुकड्याला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग वापरता येत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मधील छोटा मारिओ १६ × १६ पिक्सेलांच्या चौकटीत बसतो. त्याची टोपी केस काढणे टाळण्यासाठी आली, तर मिशीमुळे एवढ्याशा जागेत नाक आणि तोंड वेगळे दाखवता आले. त्याचे रंगही स्थिर नाहीत. ‘डाँकी काँग’ (१९८१) मध्ये डांगरी लाल आणि सदरा निळा आहे, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये डांगरी लालच राहून सदरा तपकिरी झाला, आणि पुढे डांगरी निळी व सदरा लाल ही जोडी कायम झाली. त्यामुळे मारिओ रंगवायचा तर कोणत्या सालचा, हे आधी ठरवावे लागते.

पेटीवरील चित्रे हा दुसरा आधार. पण तो बेभरवशाचा आहे. कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’ (१९८७) या गेमचा नायक निळा, हाताच्या जागी तोफ असलेला यंत्रबालक आहे. अमेरिकेतील पेटीवर मात्र पिवळ्या-निळ्या पोशाखातील, हाती पिस्तूल घेतलेला एक प्रौढ माणूस दिसतो. या विसंगतीची इतकी चेष्टा झाली, की कॅपकॉमने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्कन’ या गेममध्ये तोच पेटीवरचा ‘मेगा मॅन’ खेळता येणारे पात्र म्हणून आणला.

कोनामीच्या ‘काँट्रा’ (१९८७) मध्ये हा गुंता आणखी वाढतो. १९८८ च्या घरगुती आवृत्तीत बिल रायझर आणि लान्स बीन हे दोन्ही सैनिक उघड्या अंगाचे आहेत. एकाची विजार निळी आणि दुसऱ्याची लाल, एवढ्यावरूनच ते वेगळे ओळखू येतात. पेटीवरचे चित्र बॉब वेकलिन यांनी काढले असून त्यातील सैनिकाची ठेवण ‘प्रिडेटर’ चित्रपटातील अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्याशी उघडच मिळतीजुळती आहे. युरोपात मात्र हाच गेम ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने निघाला आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले. एकाच गेमचा नायक असा तीन रूपांत उपलब्ध असल्याने त्यातले खरे रूप कोणते, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. काही रूपांतरकार पडद्यावरील सपाट रंग जसेच्या तसे उतरवतात, तर काही पेटीवरील चित्राला प्रमाण मानतात. पहिला मार्ग वरवर सोपा वाटतो, पण सावल्या न देता केवळ तीन रंगांत घनाकृती उठावदार करणे हे प्रत्यक्षात अधिक कौशल्याचे काम आहे.

पहिल्या मार्गाची लोकप्रियता उद्योगाच्याही ध्यानात आली. नेका या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये जेसन वूरहीसची आकृती त्याच्या १९८९ मधील गेमप्रमाणे जांभळ्या पोशाखात आणि निळसर-हिरव्या मुखवट्यात विक्रीस आणली. जेसन नायक नव्हे, खलपात्र. परंतु निव्वळ रंग बदलून जुना गेम आठवावा, ही कल्पना तीच.

घडण

‘काँट्रा’तील सैनिकासाठी ३.७५ इंची ‘जी. आय. जो’ हा स्वाभाविक आधार ठरतो. या मालिकेतील ‘क्विक किक’ (१९८५) हा योद्धा उघड्या अंगाचा, पण अनवाणी आहे. त्याचे धड आणि हात घेऊन बूट घातलेले पाय दुसऱ्या आकृतीचे लावता येतात. डोकेही बदलावे लागते. डोक्याचा पट्टा, केसांची ठेवण असे बारीक उठाव दोन भाग मळून वापरायच्या इपॉक्सी लांबीने घडवतात. भारतात घरोघरी गळक्या नळांसाठी वापरले जाणारे एम-सील याच जातीचे असले, तरी बारीक कोरीवकामासाठी शिल्पकामाची खास लांबी अधिक बरी. घट्ट बसलेले पीव्हीसीचे डोके किंवा हात काढायचा असल्यास तो भाग गरम पाण्यात मऊ करून घेतात. कोरडा ओढल्यास सांध्याची खुंटी तुटते.

जुन्या आकृत्यांचा अंगठा हे त्यांचे मर्मस्थान होय. जाड मुठीची बंदूक हातात दाबून बसवताना तो हमखास मोडतो आणि ‘काँट्रा’चा नायक तर बंदुकीवाचून अपुरा. म्हणून हाताला न छेडता बंदुकीची मूठच घासून बारीक करतात. कालांतराने कडक होऊन तुटणारी रबरी कडी त्याच वेळी बदलून घेणे इष्ट असते.

रंगकाम

जुना रंग काढण्यासाठी ॲसिटोन वापरल्यास एबीएस प्लास्टिक विरघळते, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखे सौम्य द्रव्य आधी वापरून पाहिले जाते. पीव्हीसीला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येत असल्याने डब्यातून फवारायचे काही रंग त्यावर कधीच पुरते वाळत नाहीत आणि आकृती चिकट राहते. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे पातळ थर देऊन वर मॅट व्हार्निश लावणे ही सर्वसाधारण रीत आहे.

खरी कसोटी सांध्यांची असते. रंगाचा थर सांध्याची जाडी वाढवतो आणि हात वळवताच घासून निघतो. त्यासाठी एकमेकांवर घासणाऱ्या दोन्ही बाजू रंगवण्यापूर्वी पॉलिश पेपरने किंचित उतरवून घेतात. या मालिकेतील कोपर आणि गुडघे मात्र रिव्हेटने कायमचे जोडलेले असल्याने उघडता येत नाहीत. तेथे, शक्य असेल तेव्हा, मुळातच हव्या त्या रंगाच्या प्लास्टिकचा भाग शोधणे हाच खात्रीचा उपाय आहे. घासताना उडणारी लांबीची आणि रेझिनची भुकटी श्वासातून जाऊ नये म्हणून मुखपट्टी वापरणे आवश्यक आहे.

भारतातील आकृत्या

भारतात ‘जी. आय. जो’ एमआरएफ समूहाच्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने बनवले. या कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे. त्याच काळात फॅमिकॉमची नक्कल असलेल्या स्वस्त यंत्रांमुळे ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ येथील मुलांच्या परिचयाचे झाले. फनस्कूलच्या काही आकृत्यांची रंगसंगती अमेरिकी आवृत्तीहून वेगळी असल्याने परदेशी संग्राहक त्या आवर्जून शोधतात. यामुळे रूपांतरासाठी कोणती आकृती कापावी, याबाबत संग्राहक आणि रूपांतरकार यांच्यात मतभेद आहेत. बहुतेक रूपांतरकार तुटकी, सुटे भाग हरवलेली किंवा मुबलक मिळणारी आकृतीच वापरतात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवतात. भाग केवळ अदलाबदल केलेले असतील, तर पाठीतला स्क्रू काढून आकृती पूर्ववत करता येते. लांबी लावून रंगवलेले डोके मात्र पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.