आंबेमोहराचा वारस

पुण्याहून लोणावळ्याकडे जातांना कान्हे स्टेशनापासून आंत वळलें म्हणजे आंदर मावळ लागतो. आंद्रा नदीच्या खोऱ्यांतील टाकवे बुद्रुक हें त्यांतील एक प्रमुख गांव. सह्याद्रीच्या पावसावर पिकणारा भात हेंच या खोऱ्याचें जुनें धन. आणि त्यांत मानाचें पान आंबेमोहराचें.

आंब्याच्या मोहराचा वास देणारा हा मऊ भात खाणारास प्रिय. पण पिकविणारास तो महाग पडे. रोप उंच वाढे आणि लोंबी भरली कीं वाऱ्यापावसांत आडवें होई. खत अधिक घालावें, तर तें अधिकच लोळे. उत्पन्न अर्थातच थोडें.

१९६६ सालीं फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें 'आय. आर. ८' हें बुटकें वाण बाहेर काढलें. इंडोनेशियाचें उंच 'पेटा' व तैवानचें बुटकें 'डी-जिओ-वू-जेन' यांचें तें अपत्य. खत पचवून तें ताठ उभें राही व भरघोस पिके. पण दाणा जाड, सुवास नाहीं आणि भात निवला कीं कडक होई. शेतकऱ्याची गरज भागली, खाणाराची राहिली.

वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रापुढील कोडें तें हेंच. 'लोळूं नये', 'मऊ लागावा', 'वास यावा' ही झाली लोकांची भाषा. संशोधकास ती मोजतां येणाऱ्या गुणांत उतरवावी लागते. 'लोळूं नये' म्हणजे रोपाची उंची कमी व खोड टणक; 'मऊ लागावा' म्हणजे दाण्याच्या पिष्टांत अमायलोज नांवाच्या घटकाचें प्रमाण बेताचें. सुवासास मात्र असा सोपा गज नाहीं. त्याचा निवाडा बहुधा नाकानेंच व्हावयाचा.

आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांचा संकर करण्यांत आला. संकराच्या दुसऱ्या पिढींत गुण विस्कटतात: एक रोप बुटकें पण निर्गंध, दुसरें सुवासिक पण लोळणारें. ज्यांत हव्या त्या गुणांचा मेळ दिसेल तींच रोपें राखून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. अशा निवडींतून १९८७ सालीं 'इंद्रायणी' हें वाण प्रसारित झालें: सुमारें १३५ ते १४० दिवसांत तयार होणारें, लांब दाण्याचें, शिजल्यावर मऊ व किंचित् चिकट.

याची किंमतही द्यावी लागली. इंद्रायणीचा सुवास आंबेमोहराइतका दरवळत नाहीं. जाणत्या घरांत हा भेद अजून ओळखला जातो. परंतु दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, तेव्हां एकीस पूर्ण मान देऊन दुसरीस विसरणें सोपें; दोघींसही न्याय मिळेल अशी तिसरी वस्तु घडविणें अवघड. वडगांवनें तें अवघड काम पत्करलें, म्हणून मावळच्या खाचराची व पुण्याच्या ताटाची गांठ सुटली नाहीं.