सेल्फ मंद फिरणे (हिवाळ्यातील)

चावी फिरवल्यावर स्टार्टर मोटर, म्हणजे बोलीभाषेतील ‘सेल्फ’, रखडत फिरते आणि इंजिन सुरू होत नाही, असा थंडीत दिसणारा मोटारगाडीचा बिघाड. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर तो वेगळा दोष; तो इंधन किंवा ठिणगीच्या बाजूने शोधावा लागतो. सेल्फ मंद असेल तेव्हा मात्र पहिला संशय विजेवर घ्यावा. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये आला, हँडल मारण्याची कटकट गेली आणि सगळी भिस्त बॅटरीवर आली.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंश सेल्सियसला तिची ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते, उणे १८ ला निम्मीही उरत नाही. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेले असते, त्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतले असेल, तर हा भार आणखी वाढतो. तरीही निफाडच्या पाच-सहा अंशांच्या पहाटेला धडधाकट बॅटरी दाद देत नाही. महाराष्ट्रात बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. नागपूरच्या ४५ अंशांत पाणी उडते, आतली जाळी गंजते. खंगलेली बॅटरी मे महिन्यात कशीबशी रेटते आणि जानेवारीत उघडी पडते. करणी उन्हाळ्याची, नाव हिवाळ्याचे.

तपासणीला साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. पण हा आकडा फसवा असतो, कारण म्हातारी बॅटरीही भाराशिवाय १२.६ दाखवते. म्हणून सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरकडे पाहायला सांगावे. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळले, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. पुन्हा कोसळली तर बहुधा ती संपली आहे. क्वचित अडकलेला सेल्फच जादा करंट ओढत असतो. व्होल्टेज एवढे पडले की इंजिनाच्या संगणकालाही पुरेशी वीज मिळत नाही, आणि पेट्रोल असूनही गाडी सुरू होत नाही.

व्होल्टेज १०.५ च्या वर टिकूनही सेल्फ रखडत असेल, तर बॅटरी बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. गॅरेजमध्ये मात्र सर्रास हेच होते. अशा वेळी दोष वायर, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये असतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. पाव व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब. धन खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत अर्धा व्होल्ट ही मर्यादा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने निघते. काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे. दोन्ही बाजू ठीक निघाल्या तर सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश पाहावेत.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनाच्या धातूला लावावे; बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेट घेतो. गोठलेल्या बॅटरीला जंप देऊच नये. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

डिझेल इंजिनात ग्लो प्लगही पाहावे लागतात, आणि कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले. मात्र मेण धरल्याने इंजिन सुरू होत नाही, सेल्फ मंद होत नाही. सेल्फ रखडत असेल तर लडाखमध्येही मीटर आधी बॅटरीलाच लावावा.