व्हॅल्यू बेट (हेड्स-अप पोकर)

समोरासमोर दोनच खेळाडू असलेल्या पोकरमध्ये, आपली पाने वरचढ असताना प्रतिस्पर्ध्याने कॉल करावा या अपेक्षेने लावलेली बेट.

गणित : नो-लिमिट होल्डेममध्ये बेटला कमाल मर्यादा नसल्याने पॉट गुणाकाराने वाढतो. पॉट १०० चिप्सचा असताना फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत पॉटएवढी बेट लागून कॉल मिळत गेला, तर समोरच्याकडून १०० + ३०० + ९००, म्हणजे १,३०० चिप्स येतात. एक फेरी चेकवर घालवली, तर ४००च. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही साधारण तीनांत एकदाच लागते. त्यामुळे नऊ जणांच्या टेबलावर जपून खेळावी लागणारी वरची जोडी येथे तिन्ही फेऱ्यांत बेट लावण्याजोगी ठरू शकते. रिव्हरवर शेवटी बोलणाऱ्यासाठी ढोबळ निकष असा, की कॉल मिळाल्यास निम्म्याहून अधिक वेळा आपणच जिंकावे.

स्लो-प्ले : भारी पाने दडवून चेक वा नुसता कॉल करणे. प्रतिस्पर्ध्याला फुकट पान दिल्याने त्याचा हात सुधारला तरी तो आपल्या मागेच राहणार असेल, तरच हे परवडते. प्रसिद्ध उदाहरण लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमधील १९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे. १६७ जणांतून जॉनी चॅन (आदल्या वर्षीचा विजेता) व एरिक सायडेल उरले होते. चॅनकडे किलवर गुलाम-नव्वी, सायडेलकडे राणी-सत्ती. फ्लॉपवर राणी, दश्शी, अठ्ठी पडली. चॅनचा स्ट्रेट तेथेच पूर्ण झाला, त्याहून मोठा हात त्या क्षणी शक्यच नव्हता. सायडेलला वरची जोडी लागली. टर्नला दुर्री आली, दोघांनी चेक केले. रिव्हरला छक्की. चॅनने पुन्हा चेक केले, सायडेल ऑल-इन गेला आणि चॅनने कॉल केला. विजेत्याला ७,००,००० डॉलर मिळाले.

या डावाचे चित्रीकरण ‘राउंडर्स’ (१९९८) चित्रपटात वापरले गेल्याने चेक करणे म्हणजेच कौशल्य, असा समज पसरला. वास्तविक सायडेलकडे राणी नसती, तर ते दोन चेक बहुधा वायाच गेले असते. रोजच्या खेळात सरळ बेटच जास्त कमावते. मात्र चित्रीकरण असलेल्या डावांचीच चर्चा होते (प्रस्तुत नोंदही त्याला अपवाद नाही).

संगणक : मर्यादित बेटचा हेड्स-अप होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये जाहीर केले. २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. पॉटच्या कितीतरी पट बेट तो भारी पानांवर लावी, तशीच ब्लफसाठीही लावी. त्यामुळे कॉल करावा की फोल्ड, हे ठरवणे खेळाडूंना जड गेले.

भारत : गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंत पोकर खेळला जातो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली.