साच्याची झीज: तापल्या आणि थंड लोखंडाचा इतिहास

लोखंडाचा इतिहास आपण नेहमी घडलेल्या वस्तूंच्या बाजूने सांगतो. आज तो साच्याच्या, म्हणजे कारखान्यातल्या डायच्या बाजूने बघू. कारण तापमान कुठलंही धरा, झिजणं डायच्या वाट्याला येतंच. बदलतं ते झिजेचं कारण.

१८३९ साली जेम्स नॅस्मिथने वाफेच्या घणाचं रेखाटन केलं. घण प्रचंड होता, पण काम ऐरणीवरचंच. खरा फरक पडला तो १८५० च्या दशकात, अमेरिकेत हार्टफर्डला, कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यात. तिथे एलिशा रूटने पडत्या घणाखाली साच्यात सुटे भाग घडवले. एकासारखा एक भाग हवा, म्हणजे साचा हजाराव्या घावालाही पहिल्यासारखाच राहायला हवा!

अडचण तिथेच होती. साधारण १२०० अंश सेल्सिअसला पोलाद मऊ होतं, कमी जोरात घडतं. पण त्याची उष्णता डायमध्ये शिरते. लोहार ज्याला 'पाणी उतरणं' म्हणतात, तेच डायचं होतं: कडकपणा जातो. तापल्या पोलादावरची खपली कानशीसारखी घासते. शिवाय एकदा आग, एकदा फवारा, यामुळे डायवर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून विसाव्या शतकात टंगस्टनची आणि पुढे ५ टक्के क्रोमियमची, उष्णतेत टिकणारी पोलादं आली.

मग तापवायचंच कशाला? आता बघा, थंड पोलाद घडवताना डायवर दर चौरस मिलिमीटरला २००० न्यूटनपर्यंत दाब येऊ शकतो. वंगण पिळून निघतं आणि धातू डायला चिकटतो. यावर १९३४ साली जर्मनीत फ्रिट्झ सिंगरने पेटंट घेतलं: पोलादावर आधी फॉस्फेटचा थर द्यायचा, तो वंगण धरून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात काडतुसांच्या पोलादी पुंगळ्यांसाठी हे तंत्र वापरलं गेलं. चिकटणं आटोक्यात आलं, पण दाब तसाच राहिला. थंड कामातली डाय पुन्हापुन्हा ताण सोसून शेवटी तडकते.

पुढे ६०० ते ९०० अंशांचा मधला मार्ग रुळला. खपली कमी, दाबही कमी. पण डायला दोन्हीकडचा त्रास थोडाथोडा सोसावा लागतो.

आपल्या पुण्यात १९६१ साली भारत फोर्जची स्थापना झाली. मालमोटारीच्या क्रँकशाफ्टसारखा मोठा, वेडावाकडा भाग थंड घडत नाही, तिथे भट्टी लागतेच. डाय झिजली की ती पुन्हा कोरायची, नाहीतर बदलायची, आणि तो खर्च प्रत्येक नगावर चढतो. म्हणून न झिजणारं तापमान शोधण्यापेक्षा, कुठली झीज आपल्याला परवडते, हाच या धंद्यातला प्रश्न राहिला आहे.