दोन डिस्क, एक वायर

मे महिन्यातल्या एका मंगळवारी रात्री ८.४० ला पारशिवनीतल्या एका फोटो स्टुडिओतली चौदा वर्षांची छायाचित्रं जळाली. आग लागली नाही, कुणाला इजा झाली नाही, शेजारच्या दुकानालाही काही कळलं नाही. त्याआधीचे दहा तास इथे मांडले आहेत. त्या खोलीत जे होते त्यांच्याशी मी नंतर सविस्तर बोललो आणि त्यांच्या मोबाइलमधले फोन आणि फोटो पाहून वेळा जुळवल्या. गाव लहान आहे, म्हणून नावं देत नाही.

सकाळी १०.३०. दहा तास उरले.

मागच्या खोलीत स्टुडिओचे मालक काकाजी आणि त्यांचा पुतण्या नवा कॉम्प्युटर जोडायला बसतात. सुटे भाग आदल्या दिवशी नागपूरला सीताबर्डीवरून आणलेले: प्रोसेसर, बोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, कॅबिनेट, आणि वायरी सुट्या करता येतात असा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. लग्नसराईचे व्हिडिओ जुन्या मशीनला झेपेनासे झाले होते.

जुन्या मशीनमधल्या दोन हार्ड डिस्क नव्या कॅबिनेटमध्ये आल्या. एकीवर सगळं काम, दुसरीवर त्याची हुबेहूब प्रत. काकाजी रोज रात्री न चुकता प्रत काढत. इतकी शिस्त पाळणारे फार थोडे स्टुडिओवाले मी पाहिले आहेत. दोन्ही डिस्क एकाखाली एक बसल्या आणि दोघींना वीज एकाच वायरीवरून मिळाली, कारण त्या वायरीला ओळीनं चार तोंडं असतात. पुतण्यानं वायर कॅबिनेटच्या मागच्या बाजूनं नेऊन प्लास्टिकच्या टायनं घट्ट आवळली. काम देखणं झालं होतं.

त्या डिस्कवर काय होतं, हे आधी सांगायला हवं. तालुक्यातली लग्नं, शाळांचे वर्गवार फोटो, घोगरा महादेवाची महाशिवरात्रीची यात्रा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडले, पेंच आणि कन्हानकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा पडलेल्या घरांचे पंचनाम्यासाठी काढलेले फोटो. आणि शेकडो पासपोर्ट फोटो. पेन्शनसाठी काढलेला तो एवढासा फोटोच पुढे कितीतरी घरांत मोठा करून हार घालून भिंतीवर लागला. त्या माणसाचा दुसरा फोटोच नव्हता.

दुपारी १२.०५. साडेआठ तास उरले.

पहिल्यांदा बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन काळीच. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ अशा बारीक अक्षरांशेजारी एक पिवळा दिवा लागून राहिला.

“काकाजी, पंखे तं फिरून राहिले, पण स्क्रीनवर काहीच नाही.”

“थांब थोडं.”

“थांबून काय होते जी? हे तं पाच सेकंदात चालू व्हाले पाहिजे.”

दीड-दोन मिनिटांनी पुतण्यानं मागचं स्विच बंद केलं.

सगळ्या दिवसातला हा क्षण मनाला सर्वांत जास्त लागतो, कारण मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर यांच्यात दर सेकंदाला अब्जावधी वेळा देवाणघेवाण होते. त्या वेगात प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कधी पोचतो, हे बोर्डाला पहिल्या वेळी स्वतः तपासून ठरवावं लागतं. भजन सुरू होण्याआधी तबल्यावर हातोडी फिरवून सूर लावून घेतात, तसं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीचे एएम५ जातीचे प्रोसेसर आले, तेव्हापासून जगभर लोक या काळ्या स्क्रीनला घाबरले आहेत. रॅम जास्त आणि बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुनं असेल तर दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीनवर एक अक्षर येत नाही आणि रॅमचा दिवा पेटलेला राहतो, म्हणजे बिघाड असता तरी नेमकं हेच दिसलं असतं.

बोर्डासोबत आलेल्या घडीच्या कागदावर स्क्रू कुठे लावायचे याची चित्रं होती. पहिल्या वेळी थांबा, हे वाक्य नव्हतं. ते पहिल्या पानावर ठळक छापायला हवं, सर्व भाषांत.

दुपारी १२.३०. आठ तास उरले.

रॅमचा दिवा लागला म्हणून रॅम काढली. सोनेरी कडा खोडरबरानं पुसल्या, रॅम पुन्हा बसवली. मग एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी, मग खाच बदलून. जुन्या मशीनवर हेच उपाय शंभरदा लागू पडलेले. इथे मात्र रॅम हलली की बोर्डाचा जुळवत आणलेला हिशोब पुसला जायचा आणि काम पहिल्यापासून सुरू व्हायचं. दर वेळी मिनिट-दोन मिनिटांत स्विच बंद.

दुपारी २.१५. साडेसहा तास उरले.

पुतण्याचा मित्र फोनवर. त्याचे प्रश्न अगदी बरोबर होते: प्रोसेसरची वरची आठ पिनांची वायर लावली का? बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्टड राहून शॉर्ट तर होत नाही ना? मॉनिटरची वायर योग्य जागी आहे ना? सगळं ठीक होतं. मग तो म्हणाला, सेल काढ. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून थोड्या वेळानं परत लावला की सेटिंग मूळपदावर येतात. ती आली, आणि बोर्डाची उरलीसुरली आठवणही गेली.

मित्रानं आणखी एक सांगितलं होतं: बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, एवढंच ठेव, बाकी सगळं काढ. जाणता कारागीर इथूनच सुरुवात करतो, आणि या सल्ल्यात दोन्ही डिस्क वाचल्या असत्या. पण आवळलेले टाय कापावे लागणार होते. “डिस्कनं काय फरक पडते?” असं म्हणून ते राहिलं. मशीन सुरू न होण्यात डिस्कचा हात नव्हता, हे खरंच होतं.

दुपारी ३.४०. पाच तास उरले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दोघं मशीन चालू ठेवूनच जेवायला घरात गेले. कुणी हात लावणार नव्हतं. चार-पाच मिनिटांत लाईन गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि ट्यूबलाइट होती.

सायंकाळी ५.२०. सव्वातीन तास उरले.

लाईन आली. आता संशय एसएमपीएसवर. पुतण्यानं तो बोर्डापासून सोडवला, मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपनं जोडली. पंखा फिरला. मल्टिमीटरनं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अगदी काट्यावर दाखवले. एसएमपीएस निर्दोष होता, आणि हे शोधण्याची रीतही निर्दोष होती. पण सकाळपासून खपलेल्या माणसाला मीटरवरचा आकडा पटत नाही. “लोडवर पडत असन,” असं ठरलं.

सायंकाळी ६.५०. दोन तासांहून कमी.

कन्हानहून एक ओळखीचा मुलगा मोटरसायकलवर आपला एसएमपीएस घेऊन आला. तोही सुट्या वायरींचा, पण दुसऱ्या कंपनीचा. सोबत बोर्डाची आणि प्रोसेसरची वायर होती. डिस्कची वायर तो घरीच विसरला होता.

रात्री ८.१०. अर्धा तास.

इथे थांबून नीट पाहायला हवं.

डब्यातून निघून बोर्डाकडे आणि डिस्ककडे जाणाऱ्या टोकांना प्रमाण ठरलेलं आहे. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स प्रमाण आणलं, त्यामुळे कुठल्याही चांगल्या कंपनीचा एसएमपीएस जवळपास कुठल्याही बोर्डाला चालतो. पण वायरीचं दुसरं टोक, जे एसएमपीएसच्या डब्यात खोचलं जातं, त्याला तसं प्रमाण नाही. कुठल्या भोकातून १२ व्होल्ट द्यायचे आणि कुठून ५, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलतं. प्लगचा आकार मात्र बहुतेकदा सारखाच. चुकीची वायर सहज आत जाते आणि टक् असा आवाज करून बसते. ज्यानं हा प्लग असा बनवू दिला, त्याच्यावर मी या दिवसाचा सगळ्यात मोठा दोष ठेवतो. गॅसच्या रेग्युलेटरला आपण अशी मोकळीक दिली नसती.

पुतण्यानं नवा डबा जागेवर ठेवला. बोर्डाची वायर बदलली, प्रोसेसरची बदलली. डिस्कची वायर मागे टायमध्ये आवळलेली.

“मांगची वायर कायले काढतं? बसते ना तेच.”

बसली.

रात्री ८.३८. दोन मिनिटं.

बटण. पंख्यांनी जेमतेम अर्धी फेरी घेतली आणि थांबले.

आत काय झालं, ते नंतर कळलं. डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट आले. बहुतेक हार्ड डिस्कच्या सर्किटवर अशा वेळेसाठी एक छोटा डायोड असतो. तो स्वतः शॉर्ट होतो आणि जास्तीची वीज आपल्या अंगावर घेतो. दोन्ही डिस्कच्या डायोडांनी तेच केलं. शॉर्ट दिसताच एसएमपीएसनं स्वतःला बंद केलं. संरक्षणाच्या दोन्ही फळ्या टिकल्या होत्या, डिस्क अजून जिवंत होत्या.

रात्री ८.४०.

“अजून एकदा दाबून पाय.”

डायोड जळून तुटले. आता मध्ये काहीच उरलं नव्हतं. कडवट वास आला, काकाजींनी भिंतीवरचं बटण पाडलं. मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच वायरीवर होत्या. दोन्ही एकदम गेल्या.

त्यानंतर.

बुधवारी पुतण्या सगळं सामान घेऊन नागपूरला गेला. दुरुस्ती करणाऱ्यानं बोर्डावर मूळचा एसएमपीएस लावला, बटण दाबलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसला. बऱ्याच वेळानं स्क्रीनवर बायोस आलं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, सगळं ठणठणीत. आज स्टुडिओत तेच मशीन काम करतं.

डिस्कच्या तबकड्या शाबूत होत्या, पण तेवढ्यानं भागत नाही. हिरवं सर्किट बदलायचं तर त्या डिस्कची खास माहिती असलेली चिप जुन्या सर्किटवरून उचलून नव्यावर लावावी लागते. प्रतीच्या डिस्कवर हे साधलं आणि तिचा काही भाग वाचता आला. त्यात २०२० च्या पुराचे फोटो आहेत. मूळ डिस्कमध्ये वाचनडोक्यांजवळचा वर्धकही जळाला होता. तिच्यासाठी धूळरहित खोलीत डोकी बदलावी लागतात, त्याचा खर्च स्टुडिओच्या आवाक्याबाहेरचा आहे. ती तशीच जपून ठेवली आहे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं छायाचित्रकारांसाठीच एक नियम सांगितला होता: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. काकाजींची तिसरी प्रत आता रामटेकला बहिणीच्या घरी असते. उरलेल्या कामासाठी त्यांनी गावात निरोप धाडला: ज्यांच्याकडे आमच्या स्टुडिओचा अल्बम, पेनड्राइव्ह किंवा फ्रेम असेल त्यांनी घेऊन यावी, स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळेल. लोक येत आहेत. फ्रेममधून काढलेला पासपोर्ट फोटो मोठा केलेला असल्यानं दाणे दिसतात, पण चेहरा ओळखू येतो.