कूतच्या शिपायाचें छायाचित्र

जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहन राजकुळाच्या मूर्ति होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण सिमुक, नायनिका, सातकर्णि, महारठी त्रणकयिर हीं वर कोरलेलीं नांवें ओळखतां येतात. तें लेणें विद्यार्थ्यांना दाखवून परततांना त्यांतल्या एकानें मला आंबेगांव तालुक्यांतील आपल्या घरीं नेलें. तेथें भिंतीवर नेमकें उलट दृश्य दिसलें. देह होता, नांव नव्हतें.

तें छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९१६ सालीं कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यांतून वांचलेल्या एका हिंदी शिपायाचें तें असून लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहांत आहे. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी अशी काया.

"हे आमचे पणजोबा," विद्यार्थ्याचे वडील म्हणाले. "मेसापोटेमियाच्या लढाईत होते. सर, आपण इतिहासाचे प्राध्यापक; खरं काय तें सांगा."

अशा चित्रांतला शिपाई ओळखावयाचा तो त्याच्या साजावरून. पागोटें कसें बांधलें आहे, आंत टोंकदार कुल्ला आहे काय, खांद्यावर पलटणीचीं अक्षरें कोणतीं, आणि मुख्य म्हणजे काडतुसें कशांत ठेवलीं आहेत. त्या काळच्या हिंदी पायदळांत १९०३ च्या नमुन्याचा चामडी सरंजाम पुष्कळ चाले. कमरपट्ट्याला तोसदानें, आणि एका खांद्यावरून तिरपा उतरणारा पट्टा. त्याच्या पांच कप्प्यांत पन्नास काडतुसें. चामडें वापरानें ताणे आणि सारा भार एकाच खांद्यावर येई. उलट फ्रान्समध्यें लढणाऱ्या गोऱ्या शिपायाजवळ बहुधा १९०८ च्या नमुन्याचा विणलेल्या सुती पट्ट्यांचा साज असे. कमरेच्या दोहों बाजूंस पांच-पांच तोसदानें, मिळून दीडशें काडतुसें, भार दोन्ही खांद्यांवर सारखा. चेहरा पुसट असला तरी हे पट्टे बोलतात.

या चित्रांत मात्र बोलावयास कांहींच नाहीं. पागोटें नाहीं, पट्टा नाहीं. लाजेपुरतें वस्त्र तेवढें आहे. कूतमध्यें कोंडली गेली ती सहावी पुणें डिव्हिजन. तींत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, हें खरें. पण पंजाबी होते, राजपूत होते, गोरेहि होते. शिवाय 'मराठा' म्हणविणाऱ्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. पुष्कळ हिंदी शिपायांनीं घोड्याचें मांस खाण्याचें बरेच दिवस नाकारलें. पिठाचा शिधा उतरत गेला. विमानांतून पोतीं टाकून पाहिलीं, तीं पुरलीं नाहींत. शरणागतीनंतर सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं आणि हजाराहून अधिक आजारी व जखमी अदलाबदलींत सुटले. जातगोत सांगणारें सारें भुकेनें आधींच पुसून टाकलें होतें.

मीं विचारलें, "पणजोबांची एखादी वस्तु घरांत आहे का?" देवघरांतून कुंकवाच्या करंड्याशेजारचें रुप्याचें पदक आलें. असल्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. पदक पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्यांनाहि हें बहुधा ठाऊक नसतें. भिंगाखालीं नांव लागलें, आणि पुढें आंकडा आला ११४.

११४ वी मराठा पलटण कूतच्या वेढ्यांत नव्हती. ती १९१८ च्या ऑक्टोबरांत तैग्रिसकांठीं शरकातला लढली. पणजोबा मेसापोटेमियांत होते हें पदकानें सिद्ध केलें आणि चित्रांतले ते नव्हेत हेंहि त्यानेंच सांगितलें. मला तें सांगणें भाग पडलें. त्या घरांतल्या शांततेंत माझी विद्वत्ता मलाच जड वाटली.

बसरा स्मारकावर हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं, साध्या शिपायांची प्रत्येक पलटणीमागें नुसती संख्या. साम्राज्याच्या हिशेबाची ही रीत मला आजहि डाचते.

विद्यार्थ्याची आजी दारांत उभी राहून ऐकत होती. तिनें विचारलें, "मग ह्यो कुणाचा म्हनायचा, गुरुजी?"

मीं मान हलविली. मुलगा खुर्चीवर चढून चित्र उतरवूं लागला, तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे तिथंच."